ओढ्यातल्या बाभळी

मी डूख धरते. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं कुणी म्हणायचं, ही बाई शिकवायला बसली होती की सूड घ्यायला. दोन्हीला बसले होते.

बीडला आमचं प्रशिक्षण केंद्र आहे. नोकरीतले इंजिनिअर तिथं येऊन पाण्याचं मॉडेल करायला शिकतात. किती पावसाला ओढा किती चढेल हे आधी संगणकावर बघायचं आणि मग भिंत बांधायची, असं ते काम. शिकवते मी, रुद्राणी. या खेपेच्या हजेरीत अमरसिंहचं नाव दिसलं आणि मी दुसरा चहा मागवला.

अमरसिंह एके काळी माझा साहेब होता. सल्लागार कंपनीतली ती माझी पहिली नोकरी, आणि काम नेमकं माझ्याच गावचं, दिंद्रुडचं. पेठेमागून ओढा जातो. पूर अडवायला भिंत किती उंच हवी, ते आम्ही सांगायचं होतं. पात्रात वेड्या बाभळींचं रान माजलेलं. मॉडेलमध्ये पात्रासाठी एक आकडा असतो. झाडझाडोरा जास्त असला की आकडा मोठा धरायचा, कारण पाणी अडखळतं, तुंबतं आणि वर चढतं. मी मोठा धरला आणि भिंत उंच आली. अमरसिंहनं तो लहान केला, जणू ओढा कुणी झाडून सारवून ठेवलाय. "उंच भिंत मंजूर होत नसते. बाभळी काय, तोडतील कुणीतरी," म्हणाला. कुणी तोडल्या नाहीत. भिंत झाल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तिच्यावरून पेठेत शिरलं.

चौकशीत त्यानं सगळं खापर माझ्यावर फोडलं. मॉडेल रुद्राणीचं होतं, म्हणाला. मी नवी, तो साहेब. माझं कोण ऐकतंय? नोकरी गेली त्याचं मला फार नाही. गावानं काय केलं, ते काळजात रुतून बसलंय. पेठेत आमच्या अप्पांचं किराणा दुकान आहे. समोर छबुबाईचं बांगड्यांचं दुकान, ते पुरात सगळं गेलं. "मन्मथअप्पाच्या पोरीनं पेठ बुडवली," हे तिनं रस्त्यात उभं राहून सांगितलं आणि गावानं उचललं. लोक आमच्या दारावरून पुढं जाऊन दुसरीकडं साखर घ्यायला लागले. अप्पा कपाळाला भस्म लावून रोज दुकान उघडत आणि गिऱ्हाईकाविना बसत. ना मला एका शब्दानं बोलले, ना छबुबाईला. अप्पांचा स्वभावच मुळी क्षमेचा, असं मी धरून चालले. म्हणून त्यांच्या वाटचा राग मीच सांभाळला.

वर्गात अमरसिंह हात जोडून पुढं आला. "जुनं विसरा मॅडम. आपण एका घरची माणसं." बढतीसाठी त्याला आमचं प्रमाणपत्र हवं होतं. "विसरले सर," मी म्हणाले. खोटं बोलायला मला काडीचंही जड गेलं नाही.

सरावाला मी प्रत्येकाला एकेक ओढा देते, गावाचं नाव झाकून. अमरसिंहला दिंद्रुडचा दिला. फक्त नकाशा फिरवून उत्तर दिशा खाली केली. ओळखेल की काय, अशी धाकधूक होती. पण तो ओढा त्यानं कधी पायांनी पाहिलाच नव्हता. पेठेच्या अलीकडं गाडीत बसून तो फोनवर बोलायचा आणि चिखलात मी उतरायचे. त्याच्या लेखी ओढा म्हणजे पडद्यावरची एक रेष. रेष फिरली आणि ओळख संपली.

सोबत बाभळींचे फोटो दिले होते. ते बघून त्यानं आकडा मोठा धरला, भिंत उंच काढली, सगळं बिनचूक. केजकडचा बिभीषण त्याच्या शेजारी बसायचा. त्यानं विचारलं, "सर, आकडा बारीक धरला असता तर भिंत स्वस्तात झाली असती की."

अमरसिंहला शिकवण्याची हौस आली. "एवढ्या बाभळी समोर दिसत असताना पात्र साफ धरणारा एक तर आंधळा, नाहीतर चोर."

मी फळ्याकडं तोंड केलं. चेहऱ्यावर माझा ताबा राहिला नव्हता.

आमच्याकडं एक रीत आहे. शेवटी बस गावोगाव नेतात, आणि ज्यानं जो ओढा केला, त्यानं त्या गावातल्या लोकांपुढं उत्तर सांगायचं. तेही पडद्याशिवाय, साध्या मराठीत. त्याविना प्रमाणपत्र नाही. गावाचं नाव बस सुटताना कळतं.

"आज दिंद्रुड," मी म्हणाले. "अमरसिंह सर, तुमचा ओढा."

त्याचा चेहरा उतरला. पोट बिघडलंय म्हणाला. मी पर्समधून गोळी काढून दिली. मी तयारीनं आले होते.

त्याच बुटक्या भिंतीपाशी पेठ जमली होती. अप्पा सगळ्यांच्या मागं उभे होते. अमरसिंह बाभळींबद्दल पुटपुटला.

"आवाज काढा साहेब," छबुबाई म्हणाली. "ह्या बाभळींनी पाणी चढतंय म्हणता. मंग ही भिंत एवढुशी कावून?"

अमरसिंह हातातले कागद चाळू लागला. बिभीषण भोळेपणानं म्हणाला, "सर सांगत होते, असं करणारा एक तर आंधळा न्हाईतर चोर."

"ही भिंत सरांच्याच आकड्यावर उभी आहे," मी म्हणाले.

कुजबुज झाली. अमरसिंहनं मान खाली घातली. "त्या वेळी मला यातलं एवढं कळत नव्हतं. अजाणता झालं." माणसं लगेच मऊ पडली. चुकलो म्हटलं की आमचं गाव विरघळतं, फक्त माझ्या बापासाठी विरघळलं नव्हतं.

"मग परीक्षेतला शेवटचा प्रश्न," मी म्हणाले. "मी मोठा धरलेला आकडा तुम्ही लहान का केलात? कळत नव्हतं, हे उत्तर चूक आहे. ज्याला कळत नाही तो आकड्याला हात लावत नाही. चूक उत्तराला मी नापास करते."

बढती एका बाजूला, अब्रू दुसऱ्या. त्याला ओळखत असल्यामुळं तो काय उचलणार, हे मला माहीत होतं.

"भिंत कमी उंच यावी म्हणून," तो म्हणाला.

"आणि मॉडेलमध्ये बाभळी कुणी धरल्या होत्या?"

"तुम्ही."

"नाव घ्या."

"रुद्राणीनं."

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. नापास केलं असतं तर त्याला जन्मभर म्हणता आलं असतं की मला कळत नव्हतं. आता त्याला कळत होतं, हे सगळ्या पेठेनं ऐकलंय. मला फार बरं वाटलं, अजूनही वाटतं.

बस निघायच्या आधी मी दुकानात गेले. माझ्यामागं छबुबाई आली आणि पदर सावरत उंबऱ्यापाशी थांबली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "आमी लई वंगाळ बोललो, अप्पा. झालं गेलं सोडा. साखर हाय का?"

अप्पांनी पोत्यावरचं फडकं सारखं केलं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"हाय," अप्पा म्हणाले. "तुला न्हाई."