गुरुवारचा खोकला

२००९च्या जुलैत इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये आजारी पडायची एकच सोय होती: स्वाइन फ्लू. बाकीच्या आजारांनी रांगेत उभं राहायचं होतं, आणि रांग बंद होती.

ज्ञानेश्वर टिपणीसांना ताप नव्हता. बायको जाऊन वर्ष झालं होतं. टीव्हीवर साथीच्या बातम्या लागल्या की त्यांची छाती आवळायची, श्वास पुरेनासा व्हायचा. दाराच्या हँडलला हात लावायचा धीर होत नव्हता, म्हणून दूधही आणलं नव्हतं. काळा चहा चालू होता.

त्यांनी सर्जरीत, म्हणजे इकडच्या दवाखान्यात, फोन केला. रिसेप्शनवरच्या नीनाने ताप, खोकला, अंगदुखी सगळं विचारलं आणि अंकल ठणठणीत आहेत म्हणून अभिनंदन केलं. भीती वाटते म्हणाले, तर तिच्या कॉम्प्युटरवर भीतीला रकाना नव्हता. फ्लूवाल्यांना डॉक्टर स्वतः फोन करत होत्या. घाबरलेल्यांना सप्टेंबरची तारीख होती.

जन्मभर बस चालवून एकही सिग्नल न तोडलेल्या टिपणीसांचा पारा चढला. थर्मामीटरला तेवढा तो दिसेना. मरायला टेकलेल्याला फोन आणि जगायला घाबरलेल्याला सप्टेंबर? त्यांनी पुन्हा फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं खोकले.

दुपारी डॉ. श्यामलाबाईंचा फोन आला.

"काका, खोका बघू."

ते खोकले.

"हे माइक तपासल्यासारखं झालं. जेवलात का?"

या प्रश्नावर मात्र ते खोकायचं विसरले. मग सगळं बाहेर आलं. बाईंनी घाई केली नाही. श्वास सावकाश कसा सोडायचा ते फोनवरच करून घेतलं, आणि आज फक्त हँडलला हात लावून यायचं, एवढंच काम दिलं.

"दर गुरुवारी फोन करीन. नीनाने विचारलं तर खोकायचं."

टिपणीस हँडलवरून फाटकापर्यंत आणि फाटकावरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचले. चहात दूध आलं. आणि एका गुरुवारी बाईंच्या जागी मॅनेजर विनयचा फोन आला. इतके दिवस फ्लू टिकत नाही, सबब खोकला बरा झाला असं धरून त्याने फोन बंद केले होते.

टिपणीस तडक बसमध्ये चढले, घामाघूम होत दांडा धरला आणि सर्जरीच्या काउंटरवर येऊन थडकले.

"मला खोकला नाही. कधीच नव्हता. मला भीती वाटते."

बसने एकटे आलात म्हणजे बरेच झालात की, असं विनय कौतुकाने म्हणाला.

"येताना रागात होतो," टिपणीस खुर्चीत बसत म्हणाले. "जायला राग पुरायचा नाही."

आतलं दार उघडलं. श्यामलाबाईंनी आधी विनयकडे पाहिलं. तो कॉम्प्युटरमध्ये शिरला.

"आत या, काका," बाई म्हणाल्या. "आता खोकायची गरज नाही."