वातसारी

पुण्याहून शब्द गोळा करनारे एक साहेब आमच्या चऱ्होलीच्या शाळंत आले. आमच्या गावात रातच्या अभ्यासाला 'वातसारी' म्हनत्यात, त्यो शब्द आला कुठनं, एवढंच त्यांना वहीत लिवायचं हुतं. हेडमास्तर उद्धवराव छाती फुगवून सांगत हुते, "संस्कृत हो! ऋषींच्या आश्रमातला शब्द."

मी सुनंची भाकरी घिऊन पायरीवर बसलेली. माझं टाळकंच सरकलं. ऋषी म्हनं!

आरं, पाच वर्सामागं हा शब्द कुनाच्या तोंडात तरी हुता का? माझा ल्योक गेला, तवा सून कुशा एकोनीस वर्सांची. भावकी म्हनली, माहेरी धाडा. मी म्हनलं, न्हाई, ही फायनलची परीक्षा देनार आन मास्तरीन हुनार. दिवसभर खुरपायची, रातीला करंजाच्या तेलाच्या दिव्याफुडं पुस्तक. वात जळत आली की फुडं सारावी लागती. काडीनं सारली की दिवा इझायचा, आन कुशानं मान वर केली की वाचलेलं जायचं. म्हनून मीच बोटानं सारायची. घरात घड्याळ कुठलं? सात वेळा सारली की म्हनायची, "नीज आता पोरी, सात वातसाऱ्या झाल्या." कुशा पास झाली, ह्याच शाळंत लागली, आन पोरांना इचारायला लागली, काल किती वातसाऱ्या केल्या? झाला शब्द गावभर!

आन आता त्यो ऋषीचा? कुशा दारातच खाली मान घालून उभी. नोकरी नवी, हेडमास्तरांफुडं बोलनार कशी? साहेब तर लिवायला लागले.

मी तडक आत गेले. "लिवू नगा! हे बगा." भाजून काळं, टणक झालेलं बोट त्यांच्या नाकाफुडं धरलं. "ऋषीचं असं बोट दावा मला!"

"मंजुळाबाई, ही शाळा आहे," उद्धवराव वरडले.

साहेब कुशाकडं वळले. "बाई, तुम्ही सांगा."

कुशानं एकदा हेडमास्तरांकडं बगितलं. मग मान वर करून म्हनली, "खोडा ते, साहेब. शब्द माझ्या सासूबाईंचा आहे."

बया, काय अभिमान वाटला मला! साहेबांनी ऋषी खोडला आन पेन कुशाच्या हातात दिलं. तिनं सावकाश माझं नाव लिवलं.

"ह्यात मी कुठं गं?"

"हितं, आत्याबाई." तिनं माझं तेच बोट धरून अक्षरांवर ठिवलं. शाई वली हुती, बोटाला लागली. आजवर ती माझ्या आंगठ्यालाच लागायची.