दहा ओहमची भट्टी

त्या वसंतात आमच्या भट्टीतून सलग तिसऱ्यांदा माल फिका निघाला. वाडग्यांवरची झिलई चमकायचं सोडून पिठूळ, खरखरीत. बाबांनी एक वाडगं हातात फिरवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "झिलई कालवताना लक्ष कुठे असतं तुझं, वेनेता?"

मी फिकी वाडगी टोपलीत रचू लागले. 

त्रोयान शहराच्या वरच्या अंगाला आमचं गाव. बाबा, म्हणजे दोब्री कुंभार, चाळीस वर्षं लाकडाच्या भट्टीत भाजत आले. लाकडं उचलणं पाठीला झेपेना, म्हणून आम्ही विजेची जुनी भट्टी आणली आणि प्लमच्या बागेपलीकडच्या शेडमध्ये बसवली. झिलई नीट वितळायला हवे होते हजार चाळीस अंश. ती नऊशे तीसवर अडून बसायची, तरी बाबा दोष झिलईलाच द्यायचे. शहरातल्या दुरुस्तीवाल्याने नुसतं आत डोकावून सांगितलं, "कॉइल गेल्या, सगळ्या बदला." नव्या कॉइल येऊनही पडल्या होत्या.

शेवटी मीच राइनामावशीला बोलावलं. विणकामाच्या कारखान्यात एकतीस वर्षं तिने यंत्रांची वीज सांभाळली होती. शाळेत बाबांच्या वर्गातली ती.

"कॉइल बदलायला आलीस?" बाबांनी विचारलं.

"दोब्री, डॉक्टर नाडी बघायच्या आधी पोट फाडतो का?" ती म्हणाली. "भट्टी लाव."

भट्टी तापू लागल्यावर तिने आधी घरातल्या विजेच्या मुख्य फळीवर मीटर धरलं. दोनशे तीस व्होल्ट. मग बागेतून शेडमध्ये येऊन भट्टीच्या तोंडाशी धरलं. दोनशे. एका तारेभोवती प्रवाह मोजायचा चिमटा लावला: वीस अँपिअर. खिशातून खडू काढून तिने शेडच्या दारावर लिहिलं.

"भट्टीच्या पाटीवर काय आहे, वाच पोरी."

"दोनशे तीस व्होल्ट, तेवीस अँपिअर."

"व्होल्टला अँपिअरने भाग."

"दहा."

"दहा ओहम. हा कॉइलचा रोध, नव्या असतानाचा. आता आत्ताचे आकडे घे."

दोनशे भागिले वीस. मी दोनदा भागून पाहिलं. "दहाच!"

"मग कॉइल ठणठणीत आहेत. मधे कुठेतरी तीस व्होल्ट कोणीतरी खातंय."

"तीसच ना!" बाबा म्हणाले. "तेवढ्याने काय होतंय?"

"दाब कमी झाला की प्रवाहही कमी होतो, दोन्हीकडून मार बसतो. गुणाकार कर. पाटीप्रमाणे पाच हजार दोनशे नव्वद वॅट. मिळतात चार हजार. जवळजवळ पाव भट्टी गेली तुझी."

 एवढं बोलून मावशी केबलचा माग काढत निघाली. बागेतल्या पंपाची जुनी, बारीक केबल बाबांनी भट्टीला जोडली होती. उरलेली रिळावर गुंडाळून शेडमागे ठेवली होती, वाडगी बांधायच्या पेंढ्याला टेकून. मावशीने रिळावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"बंद कर! आधी बंद कर!"

मी धावत जाऊन बटण पाडलं. रिळाच्या आतल्या वेढ्यांचं आवरण मऊ पडून एकमेकांना चिकटलं होतं.

"तीस गुणिले वीस," मावशी हळूच म्हणाली. "सहाशे वॅट. एवढी उष्णता केबलीत मुरतेय. वाडगी कच्ची राहिली ते परवडलं, दोब्री."

बाबांनी पेंढा ओढून रिळापासून लांब नेला. 

मावशीने पुन्हा खडू घेतला. "या केबलीचा रोध दीड ओहम. जाड केबल बागेतून सरळ आणली, तर जेमतेम पाव ओहम. मग भट्टीशी २२४ व्होल्ट, २२.४ अँपिअर." आकडे ठळक लिहून ती चीज भरलेल्या बानित्साचे दोन तुकडे खाऊन घरी गेली.

रविवारी नवी केबल पडली. मावशीने मीटर धरलं: दोनशे पंचवीस. चिमटा: साडेबावीस. न केलेल्या कामाचे आकडे या बाईने आधीच दारावर लिहून ठेवले होते!  बाबांनी टोपी काढली.

"एक व्होल्ट चुकला," मावशी कपाळाला आठी घालून म्हणाली.

त्या दुपारी भट्टीने हजार चाळीस गाठले. मंगळवारी झाकण उघडलं, तेव्हा हिरव्या-तपकिरी थेंबांची झिलई ओल्यासारखी चमकत होती. बाबांनी सगळी वाडगी बाहेर काढली. मग म्हणाले, "झिलई चांगलीच होती, वेनेता. मी उगाच बोललो तुला."

त्यातलं सगळ्यात देखणं वाडगं मी मावशीला नेऊन दिलं. तिने ते उजेडात धरलं, बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला.

"मला शिकवशील, मावशी?" मी विचारलं.

तिने शेजारची बिघडलेली इस्त्री माझ्यापुढे सरकवली आणि मीटर माझ्या हातात दिलं. "उघड," ती म्हणाली.