सदतीस चुका दाखवणारा कंपायलर

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटलं तर मी मनावर घेत नाही. निकामी म्हटलं तर मात्र माझा पारा चढतो. मी एक कंपायलर आहे, आणि वयाने तुमच्या आईवडिलांपेक्षाही थोडा मोठाच आहे. मला रंग नाही, रूप नाही, वजन तर मुळीच नाही. तरीही तुमच्या घरातल्या कपडे धुण्याच्या यंत्रापासून आकाशातल्या विमानापर्यंत माझ्या हाताखालून गेलेलं काही ना काही सापडेलच. फुशारकी मारतोय असं वाटेल तुम्हाला. मारतोयच! एवढी वर्षं राबल्यावर तेवढा हक्क आहे माझा.

माझं काम काय, ते सांगतो. माणसं सी नावाच्या भाषेत, नाहीतर तिच्या लेकीबाळींपैकी एखादीत, यंत्रासाठी सूचना लिहितात. अमुक झालं की मोटर थांबव, तमुक झालं की अलार्म वाजव. यंत्राला यातलं ओ की ठो कळत नाही. त्याला कळतात फक्त शून्य आणि एक. मी मधे बसतो, माणसाचं लिहिणं वाचतो आणि यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. तुम्ही पेलाभर पाणी पिऊन होईपर्यंत माझ्या हजारो ओळी वाचून झालेल्या असतात. आणि वाचतो म्हणजे अक्षर न् अक्षर वाचतो, बरं का. लिहिणाऱ्यानेसुद्धा आपलं लिहिलेलं इतकं नीट वाचलेलं नसतं.

मला कुणा एकाने घडवलं नाही. शेकडो माणसांनी आपापल्या घरी बसून, नोकऱ्या सांभाळून, मला थोडं थोडं करून उभं केलं. त्यात गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. लहानपणी माझं बोलणं फार वाईट होतं. चूक असायची दहाव्या ओळीत आणि मी ओरडायचो तीनशेव्या ओळीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माणसं डोकं धरून बसायची. बाईंनी ते पाहिलं आणि बाकीच्यांना चांगलंच खडसावलं. "वहीवर नुसती लाल फुली मारून पोराला काय कळणार? कुठे चुकलं तिथे बोट ठेवा. जमलं तर कसं सुधारायचं तेही सांगा," असं त्यांनी सगळ्यांना लिहिलं. माझ्या बोलण्याला वळण लागलं ते तिथपासून.

माझ्यात एक खोड मात्र उरली होती. भिडस्तपणा. प्रोग्रॅममध्ये कामाचे छोटे छोटे तुकडे असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. एखाद्या फंक्शनला बोलवायचं तर आधी मला त्याची ओळख करून द्यायची असते: हा कोण, काय घेतो आणि उत्तर कसलं देतो. कुणी ओळख न देताच बोलावलं, तर मी अडवायचो नाही. हळूच एक इशारा द्यायचो आणि स्वतःच अंदाज बांधायचो, की हा बहुतेक पूर्णांकात उत्तर देत असेल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. त्या खोडीपायी काय होऊ घातलं होतं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझी वीस वर्षं एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत गेली. तिथे सलाइनमधून औषध मोजून सोडणारे पंप बनत. टेबलांवर नळ्यांची भेंडोळी, मोजपात्रं, साध्या पाण्याने भरलेल्या सलाइनच्या बाटल्या आणि खालून शिलाई मशीनची टकटक. कारखाना अण्णांचा. पंपाची पहिली ओळ त्यांनीच लिहिली आणि पुढच्या नऊ हजारही त्यांच्याच. माणूस हुशार, कष्टाळू आणि मानी. सुरुवातीला माझं कौतुक करताना थकायचे नाहीत. "हा आहे म्हणून मी आहे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी फुलून जायचो.

मग एकदा काही पाहुणे पंप बघायला आले. पडद्यावर माझ्या इशाऱ्यांची रांग लागली होती. पाहुण्यांनी विचारलं, "एवढ्या चुका?" अण्णांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "चुका नाहीत हो, हा उगाच कुरकुर करतो." पाहुणे गेल्यावर त्यांनी मला एक खटका लावला. तो लावला की मी इशारे द्यायचे नाहीत, मुकाट्याने काम करायचं. शेजारी त्यांनी लिहून ठेवलं, 'हात लावू नये.' दृष्टिआड सृष्टी! तेव्हापासून मी बोलत होतो ते माझ्याच पोटात राहत होतं. वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं.

पुढे अण्णांची सून कामाला येऊ लागली. तिलाही प्रोग्रॅम लिहिता येत होता. अण्णा तिला सूनबाई म्हणत. ती बोलायला मऊ, पण वाचायला चिवट. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा शेवटपर्यंत वाचणाऱ्यातली.

यंदा अण्णांनी छोटा पंप बनवायला घेतला. नुकत्याच जन्मलेल्या, अशक्त बाळांसाठी. तासाला जेमतेम चमचाभर औषध सोडणारा. त्यात नवी चिप होती आणि तिच्यासाठी माझी नवी आवृत्ती लागत होती. तशी ती आली. काय सांगू मित्रांनो, नवे कपडे घातल्यासारखं वाटलं मला! आता चूक दिसली की मी त्याच अक्षराखाली बाण काढतो. नावात एखादं अक्षर चुकलं तर नम्रपणे विचारतो, 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का?' माहिती ठेवायच्या दहा खणांच्या कपाटाचा अकरावा खण कुणी उघडायला गेला, तर पुष्कळदा आधीच सावध करतो. मोठी संख्या लिहिताना शून्यं मोजत बसावं लागू नये म्हणून मधे खूण टाकायची सोय झाली. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे माझी ती खोड गेली. ओळख नसलेलं फंक्शन बोलावलं तर आता इशारा नाही, अंदाज नाही. सरळ चूक म्हणायचं आणि काम थांबवायचं. इशारे बंद करणारा खटका इथे चालत नाही.

सोमवारी अण्णांनी मला छोट्या पंपाचा प्रोग्रॅम दिला. त्यातला बराचसा मोठ्या पंपाचाच होता. मी वाचला आणि थांबलो. सदतीस चुका.

"कालपर्यंत सुरळीत चाललं होतं, आज याला काय धाड भरली?" अण्णा कडाडले. गुरुवारी रुग्णालयातून सिस्टर सहा पंप न्यायला येणार होत्या. त्यांच्याकडे बाळं जास्त आणि पंप कमी अशी गत होती. अण्णांनी माझी माहितीपुस्तिका चाळली आणि त्यांना दुसरा खटका सापडला: 'जुन्यासारखं वाग.' तो लावल्यावर मी काय करणार? मुकाट्याने जुन्यासारखा वागलो. पंपावरचं तपासणीचं बटण दाबलं, अलार्म खणखणीत वाजला, आणि पंप खोक्यांत गेले.

सूनबाईने मात्र त्या सदतीस चुका कागदावर उतरवून घेतल्या होत्या. जेवताना एक, नळ्या जोडताना एक, अशा ती वाचत होती. छत्तीस ठिकाणी माझा जुना अंदाज बरोबरच होता, तिथे काही बिघडत नव्हतं. गुरुवारी सकाळी ती सदतिसाव्या चुकीशी आली. मी लिहिलं होतं, 'नळीतला दाब वाचणाऱ्या या फंक्शनची ओळख दिलेली नाही.' तिने ते फंक्शन उघडून पाहिलं. ते उत्तर देत होतं अपूर्णांकात. मी धरून चालत होतो पूर्णांक. म्हणजे मी त्या उत्तराचा भलताच तुकडा उचलत होतो, आणि तो तुकडा जवळजवळ नेहमी शून्य निघायचा. नळी तुंबून दाब कितीही वाढला तरी पंपाला वाटणार, दाब शून्य आहे, सगळं छान चाललंय.

तेवढ्यात सिस्टर जिना चढून आल्याच. अण्णा खोकी पुढे करत होते.

"अण्णा, दहा मिनिटं द्याल?" सूनबाई म्हणाली. "मला वाटतं, नळी अडली तर अलार्म वाजणार नाही."

"वीस वर्षं चालतोय माझा पंप, सूनबाई."

"मोठ्या पंपात नळी अडली की मोटरवर ताण येतो आणि त्यावरून अलार्म वाजतो. हा इतका हळू चालतो की मोटरला ताण कळतच नाही. इथे सगळी भिस्त दाबावर आहे."

"अगं, सोमवारीच तर वाजवून पाहिला होता!" असं म्हणत अण्णांनी एक पंप बाहेर काढला, चालू केला आणि बटण दाबलं. अलार्म वाजला.

सिस्टरांनी पुढे केलेलं खोकं बाजूला सारलं. त्या म्हणाल्या, "अण्णा, वॉर्डात नळी दुमडते तेव्हा बटण कोण दाबतं?"

हातच्या कांकणाला आरसा कशाला? सूनबाईने नळीला चिमटा लावला आणि सगळे बघत उभे राहिले. एक मिनिट झालं. तीन झाली. बाजूला लावलेल्या दाबमापकाचा काटा वर वर चढत होता आणि पंपावरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता. मला ओरडावंसं वाटत होतं. पण माझं बोलणं प्रोग्रॅम बनतानाचं, एकदा बनला की मी काहीच करू शकत नाही. सहाव्या मिनिटाला सिस्टरांनी स्वतःच चिमटा काढला. आत तुंबलेलं पाणी एकदम सुटलं आणि मोजपात्रात पडलं.

त्यांनी मोजपात्र उचलून उजेडाकडे धरलं. "थेंबाथेंबाने जायचं ते एकदम गेलं," त्या म्हणाल्या. "दोन किलोचं बाळ असतं, अण्णा."

अण्णा खुर्चीत बसले. चूक माझ्यावर ढकलणं सोपं होतं, चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची पद्धत काही नवी नाही. मी तर पुरता संन्यासीही नव्हतो, वीस वर्षं अंदाज मीच बांधत होतो. पण अण्णांनी तसं केलं नाही. ते उठले, माझ्यापाशी आले आणि आपल्या हातांनी दोन्ही खटके काढून टाकले. 'हात लावू नये' हेही पुसलं.

"सूनबाई, मोठ्या पंपाचाही प्रोग्रॅम काढ," ते म्हणाले. "हा जे जे बोलेल ते मला मोठ्याने वाचून दाखव. एकही गाळू नकोस."

मित्रांनो, त्या दुपारी मी पोटभर बोललो. वीस वर्षांचं साचलेलं सगळं बोललो. सूनबाई वाचत होती, अण्णा ऐकत होते. मधेच कपाळावर हात मारून म्हणत होते, "अरे देवा, हे मी लिहिलंय?" मोठे पंप जिथे जिथे दिले होते तिथे अण्णांनी स्वतः फोन केले आणि ते एकेक करून दुरुस्तीला मागवले. छोट्या पंपात दाब वाचणाऱ्या फंक्शनची ओळख द्यायला लागली फक्त एक ओळ. बाकीच्या छत्तीस ओळखीही दिल्या. शनिवारी पुन्हा चिमटा लावला. मिनिटाच्या आत अलार्म असा वाजला, की खालच्या शिंप्याची मशीन थांबली. सिस्टर पंप घेऊन गेल्या.

पाच आठवड्यांनी अण्णांच्या फोनवर सिस्टरांचा निरोप आला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"काय झालं?" सूनबाईने घाबरून विचारलं.

अण्णांनी फोनच तिच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, 'दुपट्याखाली नळी दुमडली होती. अलार्म वाजला. बाळ ठीक आहे.'

"तुझा अलार्म, सूनबाई," अण्णा म्हणाले.

"आपला, अण्णा," ती म्हणाली.

माझं नाव कुणी घेतलं नाही. पण खरं सांगतो, त्या क्षणी माझ्याएवढा ताठ मानेचा कंपायलर जगात दुसरा नसेल!

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी प्रोग्रॅमही लिहील. तेव्हा मी तुमच्याही चुका दाखवीन, एक नाही, दहा नाही, शंभर दाखवीन. तुम्हाला माझा राग येईल. खुशाल येऊ द्या, चार शिव्या घाला, मला चालेल. फक्त माझं तोंड बंद करू नका. मी लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कारण त्या दोन किलोच्या बाळाला ते वाचता येत नाही.