दुमडलेलं टोक

गाडीवाल्या गृहस्थांनी बोलण्याच्या नादात बॉनेटवर हात टेकला आणि लगेच झटकून मागे घेतला. काळी गाडी, तासभर भर उन्हातून आलेली. त्याच बॉनेटवर गाड्या चकचकीत करून देणारे मास्तर तळहात ठेवून निवांत उभे होते.

“थंड आहे,” ते म्हणाले. “धुऊन घे, की सुरू करू.”

गृहस्थ तळहात चोळत एकदा मास्तरांकडे, एकदा त्यांच्या लेकीकडे बघत राहिले.

“आधी शेडमध्ये घेते, बाबा. उन्हात पाण्याचे डाग पडतील,” लेक म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता किल्ली घेऊन वळली.

धुतल्याने धूळ जाते. रंगात रुतून बसलेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके जात नाहीत. त्यासाठी क्लेचा, म्हणजे चिकणमातीसारख्या लगद्याचा, मऊ गोळा ओल्या पत्र्यावरून फिरवायचा. पण हा गोळा घाणीबरोबर थोडी चकाकीही नेतो, आणि पत्रा तापलेला असेल तर केसासारखे ओरखडे उठवतो. तेव्हा क्ले कधी लावायचा आणि कुठे, एवढं ठरवण्यातच सगळी कारागिरी. त्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून ते धुतलेल्या गाडीवरून बोटं फिरवत. उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळतं. खरखर लागली की तिथे पिवळ्या कागदी टेपचा तुकडा चिकटवायचा. टेप असेल तिथेच क्ले, बाकी गाडीला हात लावायचा नाही. आणि प्रत्येक तुकड्याचं एक टोक दुमडलेलं, काढताना नखात यावं म्हणून.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एका गाडीचं छत गुळगुळीत ठरवलं. लेक ते पुसायला गेली, तर हाताखाली पॉलिश पेपरसारखी खरखर. साखरेच्या आजाराने बाबांचे तळपाय बधिर झाल्याचं घरात सगळ्यांना माहीत होतं. बोटांचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ते चहाला गेले की ती पिशवी हातावर चढवून टेपचे तुकडे हलवायची. आपल्याच घरात चोरी केल्यासारखं तिला वाटायचं, आणि तरी ती करायची.

आजही मास्तरांनी डोळे मिटून धुतलेल्या गाडीवरून हात फिरवला. दोन तुकडे दाराला लावले, एक डिकीला. बॉनेट कोरंच.

“नाही म्हणजे,” गृहस्थ चाचरत म्हणाले, “घरासमोर लोखंड कापायचं वर्कशॉप आहे. गाडीचं तोंड कायम तिकडेच. परवा नातीच्या हातात द्यायची, म्हणून आपलं विचारतो.”

“माझा हात खोटं सांगत नाही,” मास्तर म्हणाले. “आलोच चहा घेऊन.”

ते नजरेआड होताच लेकीने पिशवी चढवली. बॉनेट नुसतं काट्यांनी भरलेलं. दारावर काहीच नव्हतं. तिने दाराचे दोन्ही तुकडे उचकटून फेकून दिले, रोलचे सात नवे फाडून भराभर बॉनेटवर लावले.

“त्यांना कळत नाही का हो हल्ली?” गृहस्थांनी हलक्या आवाजात विचारलं.

“कळतं की. आज उन्हामुळे जरा,” ती म्हणाली आणि उगाचच बादली उचलून बाजूला ठेवली.

मास्तर अर्ध्या तासाने आले. पूर्वी त्यांचा चहा दहा मिनिटांत व्हायचा. बॉनेटपाशी येऊन ते वाकले आणि सातही तुकडे एकेक करून बघितले. मग एक काढायला गेले. नख निसटलं. पुन्हा निसटलं.

“टोक दुमडत जा,” ते म्हणाले. “दोन महिने सांगेन सांगेन म्हणतोय.”

लेकीला पकडलं गेल्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज आपण त्यांना आंधळं समजलो याची.

“बाबा, मी...”

“आणि रोज अर्धा अर्धा तास चहा किती पिणार माणूस? तोही बिनसाखरेचा!”

गृहस्थ शेडच्या दारापर्यंत गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

मास्तरांनी टेपचा रोल उचलून तिच्या हातात दिला. मग साबणाच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली घेतली. इतकी वर्षं ती बाटली लेक धरायची आणि ते सांगतील तिथे पाणी मारायची. बाटली घेऊन ते बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला, तिच्या रोजच्या जागी जाऊन उभे राहिले.

“गार झालंय का बघ.”

तिने तळहात टेकवला. आतल्या इंजिनाची धग पत्र्यातून अजून वर येत होती.

“नाही. थोडं थांबायला हवं.”

“बरं,” मास्तर म्हणाले. “तू सांगशील तेव्हा मारतो पाणी.”