टेलर्समधला स

आमच्या दुकानाची पाटी रंगवली तेव्हा रंगारी अक्षराप्रमाणे पैसे घेत होता. मी ह्यांना म्हटलं, "मशीनवर बसणारे तुम्ही एकटे. 'टेलर' पुरे की. 'टेलर्स' कशाला? त्या एका स चा उगीच भुर्दंड." हे म्हणाले, "शोभतं." त्याला आता एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी काजं केली, बटणं लावली, तुरपाई केली, 'उद्या नक्की' म्हणून गिऱ्हाइकांना परत पाठवलं, पण ह्यांच्या मशीनवर कधी बसले नाही. मशीनला दुसऱ्याचा पाय लागला की त्याची चाल बिघडते, असं ह्यांचं म्हणणं. मी दोनदा भांडून पाहिलं, मग नाद सोडला.

आमच्या वरच्या मजल्यावर व्यायामशाळा आहे. तिथला मास्तर एक दिवस पँट आत घ्यायला घेऊन आला आणि सांगू लागला, की मुलांच्या दवाखान्यासाठी तो दौड भरवतोय. बेचाळीस किलोमीटर धावायचं, ओळखीच्यांनी किलोमीटरमागे काहीतरी द्यायचं. त्यातून औषधं येतील, आणि जमलंच तर वॉर्डातल्या आयांना झोपायला बारा घडीच्या कॉट. कॉटचं नाव निघालं आणि ह्यांच्या हातातली कात्री थांबली.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी आमची नात त्याच वॉर्डात चाळीस दिवस होती. आता ती ठणठणीत आहे, घर डोक्यावर घेते. पण ते चाळीस दिवस आमची मुलगी तिच्या खाटेशेजारी फरशीवर झोपली, आणि अजूनही सकाळी उठताना कमरेला हात लावते. हे रोज दुकान बंद करून तिथं जायचे आणि गळ्यातली टेप काढायचं विसरून नुसते उभे राहायचे. आयुष्य सुईवर काढलेला माणूस, पण सिस्टर सुई घेऊन आल्या की हे व्हरांड्यात पळायचे. एकदा नातीनं विचारलं, "आजोबा, ह्या झग्याला खिसा का नाही?" ह्यांनी दवाखान्याचा तो झगा उलटा करून पाहिला, शिवण बघून नाक मुरडलं आणि म्हणाले, "मी शिवतो खिसेवाला." पुढं ती बरी होऊन घरी आली आणि ते राहूनच गेलं. ह्यांच्या मनातून मात्र ते गेलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"माझं नाव लिही," हे मास्तरला म्हणाले. "बेचाळीस."

मास्तरनं आधी ह्यांच्या पोटाकडं पाहिलं, मग गुडघ्याकडं. तेवढ्यात समोरचे कापडवाले अस्तराचं कापड द्यायला आत आले. ह्यांची फिरकी घेतल्याशिवाय त्यांना अन्न पचत नाही.

"टेलर, तुम्ही बेचाळीस पुरे केलेत तर बाराच्या बारा कॉट माझ्याकडून," ते म्हणाले. "एक किलोमीटर कमी पडला तर मात्र एकही नाही."

हे हरभऱ्याच्या झाडावर चढायला कायम तयार. लगेच म्हणाले, "कबूल."

घरी आल्यावर मी ह्यांची चांगली हजेरी घेतली. "दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना कठडा धरता. धावणार काय? आणि त्या बारा जणींच्या कॉट तुमच्या गुडघ्यावर टांगून आलात."

"मी धावणार असं कुठं म्हणालो?" हे शांतपणे म्हणाले. "मी बेचाळीस करणार म्हणालो."

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्यानं आमच्या मशीनच्या खालच्या मोठ्या चाकाला सायकलचा मीटर बसवून दिला. पायडल एकदा दाबलं की चाक एकदा फिरतं, म्हणजे साधारण एक मीटर अंतर. बेचाळीस हजार वेळा दाबलं की झालं, असं हे मला दोन आणि दोन चार सांगावं तसं सांगत होते. मास्तर पोट धरून हसला, पण माणूस सरळ. त्यानं कागदावर नियम लिहिले: मशीन बेचाळीस किलोमीटर चाललं पाहिजे. सुईखाली कापड असलं पाहिजे आणि शिवण खरी पाहिजे. रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. कापडवाल्यांनी खाली सही ठोकली. काय शिवायचं ते कुणी विचारलं नाही, कारण हे तोवर झगे बेतायला बसलेसुद्धा होते. लहान मुलांचे, पाठीवर बंद, आणि पुढं दोन मोठे खिसे.

रविवारी आठच्या ठोक्याला हे बसले. शिवणं ह्यांचं, बॉबिन भरून देणं आणि झग्यांना बंद लावणं माझं. दहा वाजेपर्यंत कुणी फिरकलं नाही. मग पहाटे सुटलेले धावणारे धावून आले आणि केळी सोलत दुकानापुढं उभे राहिले. दुपारपर्यंत इतकी गर्दी झाली, की गल्लीतून सायकल जाईना. हे घामानं निथळत होते, पण पायाला एक लय लागली होती. कुणी विचारलं, "किती झाले?" की हे ऐटीत मीटर बघून आकडा सांगायचे. माणसाला मीटर दाखवू नये, असं माझं तेव्हापासून मत झालंय. एकतीस वर्षं ह्यांनी टिपेवरची नजर काढली नव्हती, आणि त्या दिवशी सारखे खाली वाकून आकडा बघत होते.

मीही काही कमी नव्हते. जेवणानंतर बायका जमल्या, त्यांना नातीच्या आजारपणाची गोष्ट सांगण्यात मी रंगले. झगे येत होते, बाजूला पडत होते. तीन वाजता मी एक उचलला तर बाही माझ्या हातात आली आणि झगा खाली पडला.

दुसरा उचलला. त्याचा खिसा गळाला. खालच्या दोऱ्याची बॉबिन कधीच संपली होती, आणि हे नुसत्या वरच्या दोऱ्यावर शिवत होते. म्हणजे शिवत कसले, कापडाला ओळीनं भोकं पाडत होते. आठ झगे तसे निघाले.

मी ते हळूच पिशवीत कोंबू शकले असते. खोटं कशाला बोलू, हात तिकडं गेलाही होता. पण ह्यांनी मशीन थांबवलं, माझ्या हातातली बाही घेतली, उजेडात धरली आणि मास्तरला हाक मारली.

"हे आठ धरू नकोस. ही शिवण नाही."

मास्तर वरमला. "काका, चाक तर फिरलंय ना?"

"नियम तुझाच आहे. शिवण खरी पाहिजे. अन् हे घातल्यावर पोराच्या अंगावर राहणार आहे का?"

मीटर पस्तीस दाखवत होता, मास्तरनं पाटीवर तीस लिहिले. कापडवाले बाकावर पाय पसरून बसले. उरले दोन तास आणि बारा किलोमीटर. मी म्हटलं, "चूक माझी. बॉबिनवर लक्ष ठेवायचं काम माझं होतं." हे म्हणाले, "टीप बघायचं काम माझं होतं. भर बॉबिन."

चार वाजता छत्तीस झाले. आणि ह्यांच्या उजव्या पायाला असा गोळा आला, की हे स्टूलवरून अर्धे उठले आणि मशीनला धरून उभेच राहिले. मास्तरनं पोटरी चोळली. पाय काही खाली टेकवेना. मला त्या क्षणी ह्यांचा भयंकर राग आला होता. मुलगी नातीला घेऊन गर्दीत उभी होती, एक हात कमरेवर ठेवून. मी तिच्याकडं बघायचं टाळलं. बारा बायका आज रात्री फरशीवर झोपणार, उद्याही झोपणार, आणि ते ह्या एका पोटरीवर येऊन ठेपलं होतं.

मी माझं काजाचं स्टूल उचललं आणि ह्यांच्या उजव्या बाजूला नेऊन आपटलं.

"सरका."

"अगं, तुला सवय नाही. चाल बिघडेल."

"बिघडायची काही राहिलीय का? सरका म्हणते ना."

ह्यांनी मशीनवरचा हात काढला. मग सरकले.

ह्यांचा डावा पाय आणि माझा उजवा, एका पायडलवर. पहिल्या दाबालाच चाक उलटं फिरलं आणि दोरा तटकन तुटला. गर्दीतलं कुणीतरी हसलं. तेवढ्यात कापडवाले उठले.

"हे चालणार नाही. टेलरनं करायचं ठरलं होतं. वहिनी कशा काय?"

मास्तर नियमांचा कागद खालीवर वाचू लागला. हे सुईत दोरा ओवत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटी वाचा."

"कुठली पाटी?"

"दुकानाची. काय लिहिलंय?"

कापडवाल्यांनी मान वर करून वाचलं. "टेलर्स."

"मी एकटा असतो तर टेलर लिहिलं असतं. एकतीस वर्षांपूर्वी स चे वेगळे पैसे मोजलेत मी."

एवढी वर्षं ह्या माणसानं ताकास तूर लागू दिली नव्हती. खरं की वेळ मारून नेली, ते मी अजून विचारलेलं नाही, आणि विचारणारही नाही.

"आता दाब," हे म्हणाले. "पुढच्या बाजूनं."

ती लय मला कुणी शिकवावी लागली नाही. एकतीस वर्षं पडद्यामागं बसून मी तिच्यावर काजं केली होती, झोपेतही मला ती आली असती. पहिली पाच मिनिटं आमचे पाय एकमेकांशी भांडले, मग मुकाट चालू लागले. कापड हे सरकवत होते, हातानं चाक मी सांभाळत होते. बॉबिन मुलगी भरून देत होती आणि प्रत्येक झगा नात दोन्ही हातांनी ताणून बघत होती. बाही निघाली नाही की मास्तरला म्हणायची, "लिहा." अडतीस लिहिले. चाळीस लिहिले. माझी मांडी पेटली होती, हे दातांवर दात धरून होते, आणि एकेचाळीसला खुद्द कापडवाले माझ्यामागं उभे राहून पुठ्ठ्यानं वारा घालत होते. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी पुठ्ठा मास्तरच्या हातात दिला.

पाचला सहा मिनिटं कमी असताना नात म्हणाली, "लिहा," आणि मास्तरनं बेचाळीस लिहिले. मग तो आम्हा दोघांना उठवायला आला, कारण आपापलं उठणं आमच्या हातात राहिलं नव्हतं.

ते आठ झगे ह्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा शिवले. सगळे घेऊन आम्ही वॉर्डात पोचवले आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा जाऊन आलो. कॉट आल्या होत्या. एका कॉटवर एक आई भर सकाळी अकराला गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून. आमच्या मुलीनं रिकाम्या कॉटवर हात दाबून पाहिला, मग बसली, मग हळूच पाठ टेकली आणि छताकडं बघत राहिली. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

सिस्टर ह्यांच्याकडं तरातरा आल्या, हातात सुयांचा ट्रे. "तुम्हीच का ते टेलर? काय करून ठेवलंत हे? सुई टोचायला हात सापडत नाहीत मला. मला बघितलं रे बघितलं, की सगळी पोरं हात खिशात घालतात. एकेकाला पाच-पाच मिनिटं मनवावं लागतं."

हे ह्या वेळी व्हरांड्यात पळाले नाहीत. वॉर्डभर नजर फिरवली. बारा खाटांवर बारा पोरं, हात खिशात कोपरापर्यंत.

"पाच मिनिटं तरी थांबते ना सुई?" हे म्हणाले. "मला तेवढीही थांबवता आली नव्हती."