दर रविवारी समुद्रात पडणारी बादली

मी एक जुनी लाल बादली आहे. हसू नका, मित्रांनो. बादलीने कसले आत्मवृत्त सांगायचे, असे वाटत असेल तर तुमच्या घरातली बादली एक दिवस लपवून ठेवा आणि मग घर कसे चालते ते पाहा. मी तर साधीसुधी बादलीही नाही. शिडाच्या होडीवर मी तीन वर्षांहून जास्त काळ काढला आहे. एकशे बारा वेळा मला मुद्दाम, ठरवून समुद्रात फेकून देण्यात आले आहे. एकशे तेराव्या वेळी मात्र मी एका माणसाला घेऊन पडले. खरी गोष्ट तीच आहे, पण ती आत्ताच सांगितली तर माझे बाकीचे कौतुक कोण ऐकणार?

माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात प्लॅस्टिकचा गरम लगदा ओतला, साचा मिटला, उघडला, झाले. त्याच दिवशी माझ्या सहाशे बहिणी जन्मल्या, त्यामुळे माझे बारसे वगैरे कुणी केले नाही. बंदरातल्या एका दुकानात झाडू आणि दोरखंडांच्या मध्ये मला टांगून ठेवले होते. तिथे एक गृहस्थ आले. त्यांनी माझी कडी खेचून पाहिली, तळ ठोकून पाहिला, शेवटी मला उलटी ठेवून माझ्यावर चक्क बसून पाहिले.

दुकानदार म्हणाला, "काका, बादली घेताय की घोडा?"

"माणूस घेतोय," काका म्हणाले. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही.

काकांनी तीस वर्षे उंच इमारतींमधल्या लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. काकू शाळेचे गणवेश शिवत. काका निवृत्त झाले, काकूंनी शेवटचा गणवेश शिवला, आणि दोघांनी घराला कुलूप लावून होडीवर राहायला जायचे ठरवले. काकूंची आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मुलगी आणि जावई समुद्रावर राहणार हे ऐकून सगळे नातेवाईक तोंडात बोटे घालून बसले. आजींनी एवढेच विचारले, "माझी खाट कुठल्या बाजूला?"

तर अशी आमची होडी. लांबी अकरा पावले, माणसे तीन, आणि बादली एक. सकाळी माझ्यात भांडी, दुपारी कपडे, संध्याकाळी काकांनी पकडलेला मासा, आणि काकांनी न पकडलेला मासा असेल त्या दिवशी मटार सोलायला आजी मला मांडीत घेत. पाऊस आला की शिडाच्या खालच्या टोकाला मला बांधत. शिडावरून ओघळलेले गोडे पाणी माझ्यात साठायचे आणि मग त्या पाण्याने काकू केस धुवायच्या. गोड्या पाण्याने केस धुतलेल्या काकूंसारखी सुखी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. केस वाळवत त्या पुढच्या टोकाला बसायच्या आणि गायच्या. सूर जरा इकडेतिकडे जायचा, पण आजूबाजूला मैल-मैल कुणी नसायचे.

डॉल्फिन आले की तिघेही कठड्याशी धावत. आजी त्यांना "अगं बाई, आल्या का गं!" असे म्हणत, जणू शेजारणी पापड लाटायला आल्या आहेत. नव्या बंदरात नांगर टाकला की काका एक पाऊल किनाऱ्यावर टाकण्याआधीच पंपाचे स्क्रू उघडून बसत. होडीवर रोज काहीतरी मोडतेच. पण मोडलेले पुन्हा चालू झाले की काका असे हसायचे, की वाटावे आज बिघडले हे बरेच झाले.

पण मित्रांनो, सुखाच्या पाठीला काळजीही चिकटलेली असते. नांगर सरकला तर? पाण्याची टाकी संपली तर? आणि काकूंच्या मनात या सगळ्यांच्या वर एक काळजी होती. होडी चालवणारे काका एकटे. उद्या तेच पाण्यात पडले तर?

म्हणून तर माझी खरेदी झाली होती. दर रविवारी, वारा बेताचा असला की, काका माझ्या कडीला हवेचा एक रबरी गोळा बांधायचे, म्हणजे मी बुडत नसे. मग "माणूस पाण्यात!" असे ओरडून मला मागे समुद्रात फेकायचे. तो माणूस म्हणजे मी. पाण्याने भरलेली बादली पाण्यातल्या माणसासारखीच जड असते आणि वाऱ्याने उडूनही जात नाही. मग काकूंनी एकटीने होडी वळवायची, माझ्यापाशी आणायची, तोंड वाऱ्याकडे करून थांबवायची आणि आकडीच्या लांब काठीने मला वर ओढायचे. पाण्यात माणूस असताना खाली पंखा फिरता नको, म्हणून इंजिन लावायचे नाही, असा काकांचा नियम. आजींचे काम एकच होते: माझ्याकडे बोट दाखवत राहायचे आणि नजर हलू द्यायची नाही. लाटांमध्ये एकदा नजर चुकली की माणूस सापडत नाही. आजी हे काम मन लावून करत. बोट दाखवण्याचा त्यांना सराव होता, एवढेच सांगते. जावईबापूंनी तीस वर्षे तो चांगला करून घेतला होता.

काकूंना मात्र जमत नव्हते. कधी त्या माझ्यापासून पन्नास हात लांबून निघून जायच्या. कधी इतक्या वेगात यायच्या की होडी माझ्या डोक्यावरून जायची. एकदा त्यांनी आकडीने नुसता रबरी गोळा वर काढला आणि मी राहिले खाली. त्या दिवशी एका कोळ्याने मला आणून दिले.

"बाई, तुमची बादली पडली होती."

"पडली नव्हती हो. टाकली होती."

कोळ्याने माझ्याकडे पाहिले, काकूंकडे पाहिले. "मग मी परत कशाला आणली?"

आम्ही सगळे हसलो, पण काकू हसल्या नाहीत. पाण्यात एकटे राहणे मला ठाऊक आहे, मित्रांनो. होडी लहान होत जाते, शिडाचा नुसता एक पांढरा ठिपका उरतो, आणि आपण परत हवे आहोत की नाही हे दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते. मला दर रविवारी भीती वाटायची. पण काकूंना माझ्यापेक्षा जास्त वाटत असणार, कारण माझ्या जागी त्यांना काका दिसायचे.

पलीकडचा मोठा समुद्र ओलांडायचे काकांचे स्वप्न होते. तेवीस-चोवीस दिवस नुसते पाणी, मध्ये एकही बंदर नाही. काकूंनी अट घातली. "मी एकटीने बादली परत आणली की जाऊ. तोवर किनाऱ्याकिनाऱ्यानेच. आणि या मोसमातही नाही जमलं ना, तर होडी विकून घरी जाऊ. मला रोज असं जीव मुठीत धरून नाही राहायचं हो."

सराव सुरू होऊन तीन वर्षे होत आली होती. मोसमाचे शेवटचे पाच रविवार उरले होते. काका जीव तोडून शिकवत. आता गंमत पाहा. या सरावात काका म्हणजे पाण्यात पडलेला माणूस, त्यांनी गप्प बसायचे. पण ते कुठले गप्प बसायला! "सोड, दोर सोड! तो नाही, दुसरा! आता वळ. अगं, आता नको!" काकू भलताच दोर ओढायच्या. सुईत एका झटक्यात दोरा ओवणाऱ्या त्या बाईला उजवे-डावे कळेनासे व्हायचे.

आजी बोट न हलवता म्हणायच्या, "जावईबापू, पाण्यात पडलेला माणूस एवढा बोलत नाही."

तो दिवस रविवार नव्हता, मंगळवार होता. वारा मस्त होता, होडी सुसाट चालली होती. सकाळी उडते मासे होडीवर येऊन पडले होते आणि सगळीकडे खवले चिकटले होते. ते धुवायला काकांनी मला उचलले. होडी वेगात असताना बादली बाहेर बुडवायची नाही, हा नियम काकांनीच आत चुलीच्या वर लिहून लावला होता. कमरेचा पट्टा होडीला अडकवल्याशिवाय कठड्याशी जायचे नाही, हाही त्यांचाच. पण पट्टा खुंटीवर होता, कारण दोन मिनिटांचे तर काम. त्यांनी माझा दोर मनगटाला गुंडाळला आणि मला पाण्यात सोडले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! फक्त काका त्या दिवशी कोरडे राहिले नाहीत.

मी क्षणात भरले. वेगात भरलेली बादली बैलासारखी ओढते. मला थांबता आले नाही हो. माझ्या पोटात पाणी शिरले आणि मी माझ्याच माणसाला खांद्यातून हिसडून खाली ओढले. आजही आठवले की माझी कडी कुरकुरते.

पाण्याखालून वर आलो तेव्हा होडी बरीच पुढे गेली होती. काकांचा उजवा हात लुळा पडला होता. डाव्या हाताने त्यांनी मला उलटी केली, पाण्यावर आपटून माझ्या पोटात हवा कोंडली आणि मला हनुवटीखाली घट्ट धरले. आता मी त्यांना तरंगवत होते. तेवढे तरी माझ्या हातून होत होते.

"बादलीबाई," काका धापा टाकत म्हणाले, "आज आपण दोघंही बादल्या."

दूर होडीवर आजी उभ्या राहिलेल्या दिसल्या. एका हाताने खांब धरला होता आणि दुसरा हात सरळ आमच्याकडे. लाट वर आली की आजी दिसेनाशा होत, लाट खाली गेली की ते बोट तिथेच. काका सवयीने पुटपुटू लागले, "सोड, दोर सोड, आता..." मग एक लाट तोंडात गेली आणि ते गप्प झाले.

होडी वळली. पहिल्या खेपेला काकू आमच्यापासून बऱ्याच लांबून गेल्या. माझा धीर सुटला. काकांनी डोळे मिटले. पण होडी पुन्हा वळली, या वेळी सावकाश. शिडे सैल सुटून फडफडली, वेग ओसरला, आणि आमच्या अगदी शेजारी, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ होडी तोंड वाऱ्याकडे करून उभी राहिली. घरातला पाट सरकवून ठेवावा तशी.

काकांनी मला वर धरले. "आधी हिला घे."

"अहो, आधी तुम्ही या!" काकू किंचाळल्या.

हात दुखावल्यामुळे काकांना शिडी चढता येईना. तेव्हा काकूंनी दोराचा फास त्यांच्या काखेत घातला आणि शिडाच्या कप्पीने त्यांना हळूहळू वर ओढले. जन्मभर लोकांना वर नेणारे काका त्या दिवशी स्वतः पहिल्यांदा ओझे होऊन वर आले. या गडबडीत मी त्यांच्या आणि होडीच्या मध्ये चिरडले आणि माझ्या काठापासून पोटापर्यंत एक तडा गेला. पण तेव्हा मला त्याचे काही वाटले नाही.

आजींचा हात अजून तसाच पुढे होता. काकूंनीच तो धरून खाली केला. मग तिघे एकमेकांना धरून रडले, आणि मग काका म्हणाले, "दुसऱ्यांदा कसं वळवलंस गं इतकं सुंदर? आजवर कधी जमलं नव्हतं!"

काकूंनी पदराने नाक पुसले. "आजवर तुम्ही होडीवर होतात."

काका ओलेचिंब, गार पडलेले. पण ते एवढे हसले की आजींना त्यांची पाठ थोपटावी लागली. पाण्यातही त्यांनी तेच ओळखले असावे, कारण त्यांनी वाद घातला नाही. वाद न घालणारे काका मी तरी प्रथमच पाहत होते.

दोन दिवस काकू घराच्या कुलपाची किल्ली काढून पाहत होत्या. मला वाटले, आता होडी विकणार, आणि दोष माझ्यावर येणार. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला त्या म्हणाल्या, "अट पुरी झाली हो माझी. बादली आणली ना मी परत? आणि तिला चिकटलेलं जे काही होतं, तेही आणलं." मोसम बदलण्याआधीच आम्ही तो मोठा समुद्र ओलांडला. तेवीस दिवस. त्यातले अकरा दिवस सुकाणूवर काकू गात होत्या.

तडा गेलेल्या बादलीत पाणी राहत नाही. पलीकडच्या बंदरात काकांनी नवी निळी बादली आणली आणि मला धक्क्यावरच्या कचऱ्याजवळ ठेवले. मी एक संपूर्ण सकाळ तिथे बसून होते. या वेळी तर मी पाण्यातही नव्हते, मला कोण परत आणणार? पण आजींच्या लक्षात आले. काठी टेकत त्या स्वतः आल्या आणि मला उचलून जावयासमोर आदळले. "हिला टाकायचं असेल तर मलाही इथेच उतरवा. तुमची हनुवटी पाण्यावर कुणी धरली होती?" काका खाली बघत मला धुवायला बसले. आता माझ्यात माती आहे आणि मातीत पुदिना. माझ्या तड्यातून जास्तीचे पाणी आपोआप निघून जाते, त्यामुळे पुदिना चांगला येतो, असे काकू म्हणतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी काहीतरी शिकत असेल. कुणी सायकल, कुणी भाकरी, कुणी पोहणे. त्यांचे चुकणार. तेव्हा त्यांना नीट पाहा, बोट हवे तर दाखवा, पण ओरडू नका. आणि आपण केलेला नियम दोन मिनिटांसाठीसुद्धा मोडू नका. जुन्या वस्तूंना सांभाळा, हे तर मी सांगायलाच हवे, कारण मी स्वतः एक जुनी वस्तू आहे.

आज रविवार आहे. काकांनी स्वतःच्या ओठांना कपडे वाळत घालायचा चिमटा लावला आहे. हा त्यांचा नवा नियम, आणि हा ते पाळतात. आजी उभ्या राहिल्या आहेत, बोट तयार आहे. नव्या निळ्या बादलीला आज पहिल्यांदा पाण्यात फेकले. ती बिचारी लाटांवर हेलकावे खाते आहे, होडी लहान होत चालली आहे, आणि तिला वाटते आहे की सगळे संपले.

मी पुदिन्यातून तिला जमेल तेवढ्या मोठ्याने सांगते आहे, "घाबरू नकोस गं. काकू वळतात."